सरकत्या दाराची खोली

२ तारीख, सोमवार

ही वही नवी आहे. पहिल्याच पानावर खाडाखोड नको म्हणून आजचा मजकूर आधी पाठकोऱ्या कागदावर लिहून काढला आणि मग इथे उतरवला. रोज एवढं जमणार नाही, पण सुरुवात तरी नीट व्हायला हवी.

लिहायचं कारण असं, की एक गोष्ट पोटात आहे आणि ती कोणाला सांगायची सोय नाही.

आमचं दुकान जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने भरून देण्याचं. बाबांनी उभं केलेलं. मी नववीत असताना त्यांची पाठ धरली, म्हणून एक महिन्यापुरता शाळा सोडून दुकानात बसलो. त्या महिन्याला आता दहा वर्षं झाली.

मागच्या महिन्यात छापखान्याच्या मालकांची खुर्ची पोचवायला गेलो होतो. टेबलावर छापायला निघालेला एक कागद होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, ही ओळ दोनदा आली आहे." त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं आणि आणखी चार कागद पुढे सरकवले. मी उभ्याउभ्या अकरा चुका काढल्या. आज त्यांनी बोलावून घेतलं. त्यांचे तपासनीस महिनाअखेरीला काम सोडणार आहेत.

"त्यांच्या जागी याल का?"

"माझं शिक्षण नववी आहे," मी म्हटलं.

"कागदाला कुठे कळतंय ते," मालक म्हणाले. "सोळा तारखेपर्यंत सांगा. घाई काही नाही."

घाई नाही म्हणतात आणि तारीख देतात.

दिवसभर खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या! याहून सुखाचं काम मला सुचतही नाही. पण बाबांचा हात वर्षभरापासून थरथरतो. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. मी गेलो तर दुकान बंद पडणार. साठाव्या वर्षी त्यांना हे कसं दाखवायचं?

४ तारीख, बुधवार

ठरलं. चौदा तारखेला, शनिवारी, बाबांना साठ पूर्ण होतात. त्या दिवशी सांगायचं. भरल्या पोटी माणूस कमी चिडतो.

कुठे सांगायचं याचा विचार केला. घरी नको, भिंतीपलीकडचे शेजारी आमच्याकडची भांडणं आमच्याआधी ऐकतात. दुकानात नको, बाबांच्या हाताशी हातोडा असतो. त्यांनी तो कधी कोणावर उगारलेला नाही, पण बोलताना टेबलावर आपटतात आणि माझा मुद्दा हरवतो. बागेत नको, बाबा उठून सरळ चालू लागतील.

मोठ्या रस्त्यावरच्या जपानी हॉटेलात म्हणे कुटुंबाला वेगळी खोली देतात. तिला सरकतं दार आहे. बाबा ओरडले तरी आवाज आत राहील. शिवाय तिथे जमिनीवर बसतात. बाबांचे गुडघे बघता त्यांना रागाने ताडकन उठता येणार नाही.

५ तारीख, गुरुवार

जेवताना घरी सांगितलं. आत्या होतीच. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते आणि जेवणाच्या वेळी खाली राहते.

"जपानी?" आत्या म्हणाली. "मास्तर, आपण तिथे जाऊन करायचं काय?" मी एकदा तिच्या किराणाच्या यादीतल्या चुका दुरुस्त केल्या होत्या, तेव्हापासून मी मास्तर.

"जेवायचं."

"खाली बसून, काड्यांनी! खालीच बसायचं तर घरी काय काटे आहेत?"

आई म्हणाली, "मासा कच्चाच देतात म्हणे. मला आपलं शिजवलेलं सांग. पस्तीस वर्षं गॅसपाशी उभी राहिले ती कच्चं खायला नाही."

"मी कच्चाच खाणार," भिंगरी म्हणाली. भिंगरी माझी धाकटी बहीण, वय एकोणीस, एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. आजकाल ती अभ्यासाला दुकानात येऊन बसते. घरी म्हणे शांतता नसते. जिथे दिवसभर खिळे ठोकतात तिथे कसली शांतता, ते तिलाच ठाऊक.

बाबांनी आधी पानातला घास संपवला. मग म्हणाले, "वेगळी खोली आहे म्हणतोस? दार लागतं?"

"लागतं."

"बरं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. गुडघ्यांची काळजी वाटत असणार.

७ तारीख, शनिवार

हॉटेल बघून आलो. टेप नेला होता. टेबलाची उंची चौदा इंच. बाबांचा गुडघा दुमडल्यावर साडेअकरा इंच होतो (काल ते झोपले असताना मोजला). म्हणजे अडीच इंच मोकळे राहतात. दाराची रुंदी, दार सरकायला लागणारा वेळ, खोलीपासून स्वयंपाकघराचं अंतर, सगळं टिपून घेतलं. वाढणारी मुलगी ट्रे धरून माझ्यामागे उभी होती.

"टेबल विकत घ्यायचंय का तुम्हाला?"

"नाही. वडिलांना काहीतरी सांगायचं आहे."

तिने मान हलवली. समजूतदार वाटली. आईसाठी शिजवलेल्या पदार्थांची यादी तिच्याकडून लिहून घेतली. यादीत दोन चुका होत्या, पण मी काही बोललो नाही.

९ तारीख, सोमवार

आज फार आनंदाची गोष्ट. बाबांचा हात सुधारतो आहे!

सकाळी दुकान उघडलं तर डॉक्टरीणबाईंची आरामखुर्ची भरून तयार. कडेची शिवण बघितली आणि बघतच राहिलो. एकेक टाका सारख्या अंतरावर, दोरा कुठे दिसत नाही. मी शनिवारी लवकर निघालो होतो, म्हणजे हे बाबांनीच केलं. आई त्यांच्या हाताला तेल चोळते, त्याचा गुण असणार. विचारलं तर बाबा म्हणाले, "हं. झालं खरं चांगलं." आणि कापूस पिंजायला लागले. स्वतःच्या कामाचं कौतुक ऐकायची त्यांना सवय नाही.

हात असाच सुधारला तर माझ्यावाचून दुकान चालेल. माझं निम्मं ओझं उतरलं.

भिंगरीच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या आहेत. भाजी चिरताना कापलं म्हणते. आई म्हणाली, "या घरात हिने भाजी कधी चिरली?" भिंगरी म्हणाली, "म्हणून तर कापलं." मी तिला सांगितलं, परीक्षा जवळ आली आहे, दुकानात येऊन टाइमपास करू नकोस.

छापखान्याच्या मालकांची खुर्ची पुन्हा आमच्याकडे आली होती. एवढी भक्कम भरली होती, तिसऱ्यांदा कशी बिघडली? पोचवायला बाबा स्वतः गेले आणि तासाभराने परत आले. मी जायला हवं होतं. मालकांच्या तोंडून काही निसटलं नाही म्हणजे मिळवली.

११ तारीख, बुधवार

काल बाबांनी एकदम विचारलं, "बारीक अक्षर दिवसभर वाचायचं तर उजेड कुठून यावा? डावीकडून की उजवीकडून?"

मी चरकलो. त्यांना दिसायला कमी लागलं आहे आणि ते आडून विचारत आहेत. आज काम सोडून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबा निमूटपणे आले. सगळ्यात खालची ओळ त्यांनी धडाधड वाचून दाखवली. डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही, तुम्हीच जरा झोप घेत जा.

१२ तारीख, गुरुवार

काड्यांचा सराव करतो आहे. दोन पेन्सिली घेऊन दुकानातली सोफ्याची बटणं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायची. पंधरा मिनिटांत नऊ बटणं गेली, बावीस जमिनीवर पडली. बाबा थोडा वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "हाताने उचललीस तरी चालतील हं."

१३ तारीख, शुक्रवार

भाषण चौथ्यांदा लिहिलं. पहिल्यात मी फार रडका वाटत होतो, दुसऱ्यात उद्धट, तिसरं पाच पानांचं झालं. आता एक पान आहे. "बाबा, तुमचा हात आता बरा झाला आहे" इथून सुरुवात. सूप संपलं की लगेच बोलायचं. माशाची वाट बघायची नाही.

हिरव्या रंगाचा तिखट गोळा असतो, तो अख्खा तोंडात टाकू नये, अशी चिठ्ठी प्रत्येकाला वेगवेगळी लिहून दिली. आत्याने तिची चिठ्ठी लगेच चष्म्याच्या घरात ठेवली, उद्या विसरायला नको म्हणाली.

१५ तारीख, रविवार

काल परतल्यावर लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो. सकाळपासून लिहितो आहे. क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

उशीर नको म्हणून सातची खोली असताना मी सगळ्यांना सहा सांगितले होते. पोचलो तर तिथे केर काढणं चालू होतं. आत्या म्हणाली, "मास्तर, स्वयंपाकही आपणच करायचाय का?"

खोलीत बसलो. टेबलाभोवती पाच चौकोनी गाद्या होत्या. बाबांचा गुडघा टेबलाखाली बरोबर बसला, अडीच इंच मोकळे राहिले. वाढणारी मुलगी हसून गेली. हिरव्या गोळ्याच्या चिठ्ठ्या सगळ्यांनी पाळल्या. तिकडून काही बिघडलं नाही. बिघडलं ते बुडाखालून.

बाबा बसल्या जागी चुळबुळ करत होते. मला वाटलं, गुडघे. पण त्यांनी गादीखाली हात घातला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही भरली कोणी?"

"बाबा, आज वाढदिवस आहे."

"हात लावून बघ. मधे खड्डा, कडेला गाठी. हा कापूस पिंजलेलाच नाही." ते उठले, म्हणजे बाजूला कलंडले, गादी ओढून काढली आणि मांडीवर पालथी घातली. मग खिशातून छोटी कातर काढली. बाबा जिथे जातात तिथे खिशात कातर, सुई आणि दोऱ्याची गुंडी असते, आमच्या मावशीच्या लग्नातही होती.

आत्या म्हणाली, "अरे, दुसऱ्याचं आहे ते!"

"म्हणून काय असंच बसायचं?" आणि त्यांनी शिवण उसवली. कापसाचे गोळे भराभर टेबलावर आले. आई सवयीने ते पिंजायला लागली. आत्याही लागली. तोंडाने "शोभतं का हे" चालूच होतं, पण बोटं थांबत नव्हती. पाच मिनिटांत टेबलावर ताटल्या दिसेनात.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. "सूप आणलंय."

मी झेप घेतली आणि दोन्ही हातांनी दार धरलं. "ठेवा तिथेच! आम्ही घेतो!"

"गार होईल ना."

"होऊ दे! आम्ही गारच घेतो!"

दार बाहेरून जरा सरकलं, मी आतून सरकवलं. मनात म्हटलं, सूप आत येत नाही, म्हणजे सूप संपल्यावर बोलायची वेळही येत नाही. आत्ता बोललो नाही तर सोमवार उजाडेल. आणि मी तसाच, दार धरून, घरच्यांकडे पाठ करून बोलायला लागलो.

"बाबा, तुमचा हात आता बरा झाला आहे. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीची शिवण मी बघितली. इतकी सुंदर शिवण मला दहा वर्षांत जमली नाही. म्हणून माझ्या मनात आलं, की मी नसलो तरी दुकान चालेल. मला छापखान्यात बोलावलं आहे, चुका तपासायला. मला जायचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही. पण मला जायचं आहे."

एक पान मी चार वाक्यांत उरकलं, असं वाटलं. आता बघितलं, आठ आहेत.

मान वळवून बघितलं. बाबांच्या एका हातात सुई होती आणि दुसऱ्या हातात दोरा. दोघांत बोटभर अंतर होतं आणि ते काही केल्या कमी होत नव्हतं. हात पूर्वी थरथरायचा तेवढाच थरथरत होता. कदाचित जास्त.

भिंगरीने त्यांच्याकडून सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि गादीची कड शिवायला लागली. टाके सारख्या अंतरावर. दोरा कुठे दिसत नव्हता.

मी ते टाके ओळखले.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"चार महिने झाले," भिंगरी म्हणाली. मान वर केली नाही. "परीक्षा देतेय मी, ओरडू नकोस. पण मला हेच करायचंय."

"मला का नाही सांगितलं?"

बाबा म्हणाले, "दुकानापायी तू शाळा सोडलीस. आता कुठल्या तोंडाने सांगू, की बाबा रे, हिचा टाका तुझ्यापेक्षा सरळ पडतो?"

"तुझाही काही वाईट नाही," आई म्हणाली.

"वाईटच आहे," आत्या म्हणाली. "माझी खुर्ची भरून दिलीस, तेव्हापासून बसलं की डावीकडे घसरते मी. दोन वर्षं उजवा दांडा धरून टीव्ही बघतेय."

दाराच्या बाहेर ती मुलगी होती आणि आता टकटकही करत नव्हती, म्हणजे ऐकत होती.

"आणि मी आत्ता जे बोललो..."

"ऐकलं की. छापखान्यात जायचंय," बाबा म्हणाले. "त्यांनी तुझ्याआधी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, त्याचं त्याला विचारा. तोवर खुर्चीच्या निमित्ताने तुझी बसायची जागा बघून आलो. दोनदा गेलो. टेबल खिडकीशी आहे, पण उजेड उजव्या हाताने येत होता. लिहिताना हाताची सावली पडली असती कागदावर. त्यांच्याकडून फिरवून घेतलं."

"मी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं!"

"इतक्या काळजीने नेत होतास, नाही कसं म्हणायचं?"

मी दोन्ही हात कपाळाला लावले. हीच चूक झाली. दार सुटलं आणि सर्रकन उघडलं. बाहेर ती मुलगी पाच वाट्यांचा ट्रे घेऊन उभी होती, आणि तिच्यामागे हॉटेलच्या मालकीणबाई.

मालकीणबाईंनी टेबलावरचा कापूस बघितला. आत्याच्या केसांतला बघितला. मग त्या आत आल्या, भिंगरीची शिवून झालेली गादी खाली ठेवून तिच्यावर बसल्या. उठल्या. माझ्या गादीवर बसल्या. पुन्हा पहिलीवर आल्या.

"अशा बत्तीस आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्या अशा होतील?"

"होतील," बाबा म्हणाले.

"तुमच्या दुकानाचं काम कोण बघतं? मी कोणाशी बोलू?"

चौघांनी माझ्याकडे बघितलं. सवयच ती. हा प्रश्न दहा वर्षं मला विचारला जातो आहे आणि उत्तराला मला विचारही करावा लागत नाही. तोंड उघडलं होतं. खरं लिहायचं तर मला "मी" म्हणावंसंही वाटलं. ते उत्तर एकदम दुसऱ्याचं झालं, हे मला आवडलं नाही.

"हिच्याशी," मी म्हटलं. "माझी धाकटी बहीण. काम तीच बघते."

सुई दोऱ्याच्या गुंडीत खोचता खोचता भिंगरी थांबली. बाबांनी ट्रेमधली वाटी दोन्ही हातांनी उचलली, थोडं सूप शर्टावर सांडलं, उरलेलं एका दमात प्यायले.

"गार झालंय," ते म्हणाले.

"होणारच," आत्या म्हणाली. "तुझा मुलगा दार धरून भाषण देत होता."

"आठ दिवसांत देते," भिंगरी मालकीणबाईंना म्हणाली. बत्तीस गाद्या आठ दिवसांत होणं अशक्य आहे, निदान बारा दिवस लागतात. मी जीभ चावली. खरोखरची चावली, अजून दुखते आहे.

आईने शेवटी कच्चा मासा खाल्ला. शिजवलेला आहे असं भिंगरीने सांगितलं होतं.

१६ तारीख, सोमवार

छापखान्यात जाऊन हो म्हणालो. मालक म्हणाले, "वडिलांना विचारलंत?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत की." ते चष्मा पुसायला लागले.

पुढच्या सोमवारपासून जायचं.

२४ तारीख, मंगळवार

कामाचा दुसरा दिवस. काल पहिला कागद हातात आला आणि तासभर त्यात एकही चूक सापडेना. कसला तपासनीस मी! शेवटी जुने तपासनीस म्हणाले, "अहो, तो मी परवाच दुरुस्त केलाय, नमुना म्हणून दिला होता." त्यानंतरच्या पानात पंधरा निघाल्या. जेवणाची सुट्टी झालेली कळली नाही.

आज सुटल्यावर थेट दुकानात गेलो. गाद्या दुकानात आल्यापासून आठवा दिवस. एकोणतीस गाद्या एकावर एक रचलेल्या, तीन उरलेल्या. म्हणजे होणार होतं. मी बाह्या दुमडल्या आणि डब्यातली सुई उचलली.

"दादा, ठेव ती," भिंगरी म्हणाली.

"तीनच आहेत. एक मी घेतो."

"मग ती एक वेगळी दिसेल."

सुई ठेवली. हात कुठे ठेवावेत ते कळेना. बाबा कोपऱ्यात कापूस पिंजत होते, त्यांनी हनुवटीने दाराजवळची खुर्ची दाखवली. ती गिऱ्हाइकांची खुर्ची. दहा वर्षांत मी तिच्यावर कधी बसलो नव्हतो. बसलो. चांगली भरली आहे, कुठेच घसरायला होत नाही.

थोड्या वेळाने बाबा हात पुसत उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि नव्या माणसाशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "बोला. काय काम होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुमच्याबरोबर घरी जावं म्हणून थांबलो आहे."

"मग बसा थोडं," बाबा म्हणाले. "आम्हाला वेळ लागेल."